बटण दाबलं की पंखा फिरतो, बंद होतो, परत फिरतो : बाबांचा कॉम्प्युटर सुरू होत नाहीये, मदत हवी

रानजाई
नमस्कार मंडळी, गणपतीला चिपळूणला घरी आलेय आणि इथे बाबांचा कॉम्प्युटर हट्टाला पेटलाय. जुना डेस्कटॉप आहे, चौथ्या पिढीचा आय-३, चार जीबी रॅम, हार्ड डिस्क ५०० जीबीची, विंडोज १०. २०२१ च्या जुलैतल्या पुरात खालच्या मजल्यावरचं होतं नव्हतं ते गेलं, हा माडीवर होता म्हणून वाचला.

लक्षणं सांगते. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, दोनेक सेकंदांत सगळं बंद, मग आपोआप परत फिरतो, परत बंद. मॉनिटर काळाच. बीप वगैरे काही नाही. बाबा बटण दाबत राहतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी कधीतरी तो अचानक चालू होतो, आणि एकदा चालू झाला की संध्याकाळपर्यंत एकदम व्यवस्थित चालतो. सकाळी जास्त त्रास देतो, पाऊस असला की अजूनच. आणि घड्याळ दर वेळी काही वर्षं मागे जातं.

इथला एक दुरुस्तीवाला येऊन बघून गेला, म्हणाला मदरबोर्ड गेला, नवीन सेट बावीस हजार, आणि हार्ड डिस्क फॉरमॅट करून देतो. बाबांचं अर्ध्याहून जास्त लिहून झालेलं कुलवृत्तांताचं काम त्यात आहे, श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं, म्हणून फॉरमॅट ऐकूनच त्यांचा जीव घाबरा झालाय. खरंच मदरबोर्ड असेल का? घरच्या घरी काही बघता येईल का? मला पेचकस चालवता येतो, मल्टीमीटर शेजारच्या काकांकडे आहे.

तांबडी_माती
रॅम काढा, पिवळ्या पट्टीवर खोडरबर फिरवा, परत बसवा. कोकणात पावसाळ्यात शंभरातले नव्वद कॉम्प्युटर एवढ्यावर चालू होतात. रॅम बसवताना दोन्ही बाजूचे लॉक टक् असा आवाज करून बसले पाहिजेत.

चष्मेबहाद्दर
+१. खोडरबर पांढरा घ्या, वाळूचा निळा-लाल नको, तो सोन्याचा मुलामा खरवडतो. आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका.

सोल्डरगन
थांबा थांबा, सगळ्यात आधी एक गोष्ट. रानजाई, काहीही करायच्या आधी वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा म्हणजे आतला उरलेला चार्ज निघून जातो, आणि आत हात घालायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. आणि एसएमपीएसचा, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा मात्र कुणीही काहीही म्हणालं तरी उघडायचा नाही. २३० व्होल्ट एसीचं आत डीसी झालं की सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जातं आणि वायर काढल्यावरही ते मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ बसून असतं.

आता प्रश्न. चालू झाल्यावर विंडोजमधून रीस्टार्ट केलं तर तो नीट रीस्टार्ट होतो का? की तेव्हाही हाच खेळ?

रानजाई
लगेच बघितलं, योगायोगाने आत्ता चालू होता. रीस्टार्ट एकदम छान होतो. शटडाऊन करून पाच मिनिटांत परत चालू केला तरी होतो. रात्रभर बंद राहिला की सकाळी बोंब.

सोल्डरगन
मग माझा संशय एसएमपीएसवर, मदरबोर्डवर नाही. कारण सांगतो. रीस्टार्टमध्ये वीजपुरवठा तुटतच नाही, १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनी चालूच राहतात, फक्त प्रोसेसर पहिल्यापासून सुरू होतो. म्हणजे रॅम, प्रोसेसर, बोर्ड सुरू होण्याची सगळी पायरी तिथे नीट पार पडतेय. अडतंय ते थंड अवस्थेतून वीज उभी करताना. एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हातारे झाले की आतलं द्रावण सुकत जातं, आतला रोध वाढतो, आणि थंड असताना हा दोष जास्त जाणवतो. परत परत बटण दाबल्याने ते जरा गरम होतात आणि मग गाडी निघते. एकदा निघाली की दिवसभर काही वाटत नाही.

बोर्ड नुसतं वीज आली म्हणून सुरू होत नाही. एसएमपीएसला आपल्या सगळ्या लाइनी स्थिर झाल्या असं वाटलं की तो एका करड्या वायरवरून तसा संकेत देतो. तो संकेत आला नाही किंवा येऊन गेला तर बोर्ड परत शून्यावर. तुमचं फिर-बंद-फिर-बंद हे त्याचंच रूप असू शकतं.

तांबडी_माती
सोल्डरगन, मुद्दा पटतो पण रॅम नीट लागली नसली तरी बरेच बोर्ड असंच चालू-बंद चालू-बंद करतात. मी स्वतः इतक्या मशिनींवर पाहिलंय. आणि सकाळी दमट हवा, दिवसभर मशीन गरम राहिल्याने आतला ओलावा उडतो, हेही त्याच लक्षणात बसतं की. फुकटचं काम आधी करावं, खर्चाचं नंतर.

सोल्डरगन
फुकटचं आधी, हे शंभर टक्के मान्य. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम साफ केली, बॅटरी बदलली, वायर दाबल्या असं सगळं एका दमात केलं आणि चालू झाला, तर नक्की कशाने झाला ते कळत नाही आणि आठ दिवसांनी परत तिथेच.

निळावंती
वाचतेय. आमच्याकडेही हेच चालू आहे म्हणून खूण म्हणून प्रतिसाद.

घाटपायथा
पॉवरचं बटणच अडकलेलं नाही ना? जुन्या कॅबिनेटचं बटण आत दाबलेलं राहतं, आणि बटण चारेक सेकंद दाबलेलं राहिलं की बोर्ड स्वतःच वीज तोडतो. तपासायला सोपं आहे. बोर्डाच्या कोपऱ्यात समोरच्या बटणांच्या बारीक वायरी येतात त्यातली पॉवर स्विचची जोडी काढायची आणि त्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवायचं. तरीही तेच झालं तर बटण निर्दोष.

अजून एक, प्रोसेसरजवळ चार पिनांची वेगळी १२ व्होल्टची वायर असते, पिवळ्या-काळ्या तारांची. ती सैल असली तरी पंखे फिरतात पण बाकी काही होत नाही. दाबून बघा.

अर्धवट_वायरमन
एसएमपीएसच्या पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. कोकणातलं घर आहे म्हणून सांगतोय, पाल! उबेला येते, दोन टोकांवर आडवी होते आणि स्वतःही जाते, एसएमपीएसलाही नेते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या इन्व्हर्टरांत आणि एसएमपीएसांत पावसाळ्यात हा भाडं न देता राहणारा भाडेकरू नेहमी सापडतो. मुंग्यांचीही वारुळं असतात.

चष्मेबहाद्दर
अरे जेवताना वाचतोय मी.

बे_एरिया_बंड्या
मुळात २०१४ च्या आसपासचं मशीन आहे ना? कशाला एवढा आटापिटा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. डेटा काढून घ्या आणि बाबांना नवीन छोटा पीसी घेऊन द्या. दुरुस्तीत घातलेला पैसा वाया.

डीटीपी_ताई
बंड्या, तू तिकडे बसून सांगतोयस पण इथे प्रश्न नुसत्या मशीनचा नाहीये. श्रीलिपी, आयएसएम, आकृती यांत टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल असा, नसतो. कॉपी केलेली फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली की तो फॉन्ट तिथे नसेल तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चुराडा दिसतो. फाइल शाबूत असते हो, पण वाचता येत नाही, आणि घरच्या लोकांना वाटतं गेलं सगळं. काही जुन्या आवृत्त्यांना तर हार्डवेअर लॉक असायचं, ते मशीनच्या मागे लावलेलं नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. तेव्हा हे जुनं मशीन निदान एकदा नीट चालू करून त्यावरच सगळं युनिकोडमध्ये आणणं हाच शहाणपणा आहे. मी बुधवार पेठेत आयुष्याची पंचवीस वर्षं पत्रिका आणि पुस्तकं लावली, दुरुस्तीवाल्यांनी फॉरमॅट मारलेल्या मशिनींवर रडणारे लेखक मी बघितलेत.

रानजाई, फॉरमॅटला कुणालाही हो म्हणू नका. वीज उभी राहत नाही या दुखण्याशी हार्ड डिस्कवरच्या विंडोजचा काही संबंध नाही.

सोल्डरगन
ताईंना पूर्ण अनुमोदन. मॉनिटरवर कंपनीचं चिन्हसुद्धा येत नाही म्हणजे विंडोजपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. अशा वेळी फॉरमॅट सुचवणाऱ्याला दुखणं कळलेलं नाही.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हार्ड डिस्क काढली आणि मावसभावाकडून सॅटा ते यूएसबीची वायर आणून माझ्या लॅपटॉपला जोडली. सगळी फोल्डरं दिसताहेत!! कुलवृत्तांताचं फोल्डर, फोटो, आईची पाककृतींची फाइल सगळं पेनड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे घेतलं. बाबांना दाखवलं तेव्हा कुठे ते जेवले.

ताई म्हणतात तसंच आहे, वर्ड उघडलं की अक्षरं विचित्र दिसतात.

आज रॅम साफ केली. काही फरक नाही. पॉवर स्विचच्या पिना टेकवून पाहिल्या, तेच. चार पिनांची वायर घट्ट आहे. पाल नाहीये (हुश्श). धूळ मात्र मूठभर निघाली.

जुनाजाणता
डेटा आधी काढलास हे फार चांगलं केलंस पोरी. पुढच्यांसाठी एक सांगून ठेवतो, डेस्कटॉपची साडेतीन इंची हार्ड डिस्क नुसत्या यूएसबीवर चालत नाही, तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, लॅपटॉपची अडीच इंची चालते. हे माहीत नसलं की लोक म्हणतात डिस्क मेली. आणि डिस्क टक-टक-टक असा आवाज करत असेल तर तिला परत परत चालू करून बघत बसू नये, प्रत्येक वेळी आतल्या तबकडीवर अजून ओरखडे पडायची भीती असते.

रानजाई
काका, मावसभावाने अडॅप्टरसकट दिली होती वायर. डिस्कचा आवाज नाही काही.

सोल्डरगन
आता मल्टीमीटर काढा. डीसी २० व्होल्टवर ठेवा. बोर्डाला जाणारा २४ पिनांचा मोठा कनेक्टर तसाच लावलेला राहू दे. मीटरची काळी सुई कुठल्याही काळ्या वायरच्या मागून कनेक्टरमध्ये, लाल सुई जांभळ्या वायरच्या मागून. भिंतीवरचं बटण चालू, पण कॉम्प्युटरचं बटण दाबायचं नाही. ही जांभळी लाइन कॉम्प्युटर बंद असतानाही जिवंत असते, बोर्डावरचं बटण ऐकू येण्यापुरती वीज तीच पुरवते. तिथे ५ व्होल्ट हवेत, ५ टक्के इकडे-तिकडे चालतात, म्हणजे ४.७५ ते ५.२५. सकाळी, रात्रभर बंद राहिल्यावर मोजा, गरम झाल्यावर मोजून उपयोग नाही.

मग बटण दाबून पिवळी बघा, १२ च्या आसपास, ११.४ च्या खाली नको. लाल वायर ५, केशरी ३.३. सुया एकमेकींना किंवा शेजारच्या पिनेला टेकणार नाहीत एवढं सांभाळा.

चष्मेबहाद्दर
हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून एसएमपीएस एकटा चालू करायची युक्ती सांगा ना, ती सोपी आहे.

सोल्डरगन
ती युक्ती बरोबर आहे, पण तिच्यातून फक्त एवढंच कळतं की एसएमपीएस अगदीच मेलेला नाही. भार नसताना म्हातारा एसएमपीएससुद्धा १२ च्या १२ व्होल्ट दाखवतो आणि बोर्ड जोडला की मान टाकतो. म्हणून भारासकट मोजायला सांगितलं. करायचीच असेल तर भिंतीतून वायर काढून मगच क्लिप लावायची.

अर्धवट_वायरमन
मीटर हातात आहेच तर अर्थिंगपण बघून घ्या. प्लगमध्ये फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थिंग जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत. हे काम वायरमनला बोलावूनच, एसीमध्ये सुया घालायचं धाडस नको. कॅबिनेटला हात लावल्यावर कधी मुंग्या येतात का हो?

रानजाई
येतात! आई तर अनवाणी असली की कॉम्प्युटरची धूळच पुसत नाही, म्हणते झिणझिणतं. आम्हाला वाटायचं ते असंच असतं.

अर्धवट_वायरमन
असंच नसतं! हे अजिबात सोडू नका. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळायला दोन लहान कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, आणि दोघांचं मधलं टोक पत्र्याला, म्हणजे अर्थिंगला जोडलेलं. अर्थिंग तुटलेलं असलं की तो पत्रा २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण याचा अर्थ घरात खरोखरचा दोष झाला तर जीव वाचवणारी वायर जागेवर नाहीये. कोकणात जांभा दगड, त्यात चांगलं अर्थिंग मिळणं आधीच अवघड, पुरानंतर खड्ड्यातली पट्टी गंजूनही गेली असेल. उद्याच वायरमन बोलवा, कॉम्प्युटर राहू दे बाजूला. आणि मेन बोर्डला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या, ३० मिलिअँपिअरचा.

निळावंती
बापरे. आमच्या फ्रिजलाही येतात मुंग्या. उद्याच बघायला सांगते.

बे_एरिया_बंड्या
हा धागा वसूल झाला राव, अर्थिंगचं हे गणित माहीत नव्हतं. इकडे १२० व्होल्ट असले तरी जुन्या घरांत दोन पिनांचेच सॉकेट आहेत, तिथेही हे होत असणार.

तांबडी_माती
रॅमचा माझा अंदाज मागे पडला असं दिसतंय, पण घड्याळ मागे जाणं राहिलंच की. ती तर उघड उघड बॅटरी. बोर्डावरची नाण्यासारखी, सीआर २०३२, ३ व्होल्टची. साध्या दुकानात तीस-चाळीस रुपयांना मिळते. मीटरने मोजा, खूप खाली आली असेल तर बदला. काही बोर्ड बॅटरी पार मेली की सुरू व्हायलाच तयार होत नाहीत, त्यामुळे तीपण संशयितच.

जुनाजाणता
आणि तारीख चुकली की बँकेच्या साइटी उघडत नाहीत, सुरक्षित नाही असा लाल पडदा येतो, कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडली जाते. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले निम्मे लोक याला व्हायरस समजतात.

काजवा
बॅटरी काढायच्या आधी एक थांबा, हे रानजाईंच्या जुन्या मशीनला लागू नसेल पण नवे लॅपटॉप-पीसीवाले वाचत असतील म्हणून. नव्या विंडोज ११ मध्ये बऱ्याचदा तुम्हाला न विचारता डिस्क कुलूपबंद झालेली असते, बिटलॉकर. बायोसची (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) सेटिंग बदलली किंवा ती मूळपदावर गेली की पुढच्या वेळी ४८ आकडी किल्ली मागतो. ती किल्ली बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवर बायोस अपडेटनंतर हेच झालं आणि तिला खात्याचा पासवर्ड आठवेना, शेवटी जुन्या फोनवर तेच खातं उघडं सापडलं म्हणून निभावलं. आत्ताच, मशीन चालू असतानाच, ती किल्ली कागदावर लिहून ठेवा.

डीटीपी_ताई
हे काम आज रात्रीच करते.

घाटपायथा
अवांतर, पण चालू होतो न होतो या गोंधळात अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे पूर्ण शटडाऊन नसतो, अर्धा झोपवलेला असतो, फास्ट स्टार्टअप म्हणतात त्याला. त्यामुळे विंडोजमधला घोळ शटडाऊन करून जात नाही आणि रीस्टार्ट करून जातो. शिफ्ट दाबून शटडाऊन केलं तर पुरता बंद होतो.

सोल्डरगन
चांगली माहिती आहे, पण ती विंडोजचं चिन्ह दिसल्यानंतरच्या दुखण्यांना. आपलं त्याच्या आधीचं आहे. कुठल्या पायरीवर अडलंय हे ओळखणं यातच अर्धं निदान. काहीच होत नाही, पंखा फिरतो पण पडदा काळा, कंपनीचं चिन्ह येतं पण पुढे डिस्क सापडत नाही, विंडोजचं चिन्ह येऊन निळा पडदा: ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि लोक चारही वेळा कॉम्प्युटर चालू होत नाही एवढंच सांगतात. रानजाईंनी पहिल्याच पोस्टमध्ये पंखा, वेळ, हवामान सगळं लिहिलं म्हणून इथवर आलो.

रानजाई
सकाळी सहाला उठून मोजलं. बाहेर धो धो पाऊस. जांभळी वायर ४.४ व्होल्ट! बटण दाबलं की अजून खाली घसरतो आकडा. तो एकदाचा चालू झाल्यावर तासाभराने मोजलं तर ४.८. पिवळी चालू असताना ११.७. बॅटरी १.९.

वायरमनकाका येऊन गेले. अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेलीच होती, खड्डा नव्याने करायचा ठरलाय, तोवर कॉम्प्युटर बंद ठेवायला सांगितलाय.

सोल्डरगन
झालं, सापडला चोर. थंड असताना ४.४ म्हणजे तो एसएमपीएस संपला. बदलून टाका. १२ वर्षं चालला, त्याचं आयुष्य झालं.

नवीन घेताना कॅबिनेटसोबत मिळणारा घेऊ नका. डब्यावर ४५० वॅट मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ते सोडा, बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १८ अँपिअर असतील तर १२ व्होल्टवर फक्त २१६ वॅट मिळतात, मग ४५० कुठून आले? तुमच्या मशीनला ग्राफिक कार्ड नाही, तेवढे पुरतीलही, पण आकडा प्रामाणिक असावा. ८० प्लस असं चिन्ह असलेला बघा. दोन-अडीच हजारांत चांगला मिळतो.

तांबडी_माती
चिपळुणात नसला तर पुण्याला जाताना तपकीर गल्ली, किंवा मुंबईहून कुणी येत असेल तर लॅमिंग्टन रोड. बिल घ्याच, वॉरंटी त्याच्यावरच. आणि बॅटरी १.९ म्हणजे तीही बदला, पण सोल्डरगनच्या नियमाप्रमाणे आधी एसएमपीएस, तो नीट चालला की मग बॅटरी. आणि बॅटरी काढायच्या आधी बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः बूट आणि सॅटा असं लिहिलेली पानं.

रानजाई
अर्थिंग झालं. मीटरवर न्यूट्रल-अर्थिंग एक व्होल्टच्या आत. आईने मुद्दाम अनवाणी हात लावून बघितला, काही नाही.

एसएमपीएस मावसभावाने मुंबईहून आणला, बसवला, पहिल्या बटणात चालू!! बाबा खुर्ची ओढून बसलेच.

मग हुरूप येऊन बॅटरी बदलली आणि आता नवीनच. कंपनीचं चिन्ह येतं, मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत, योग्य बूट डिव्हाइस निवडा अशा अर्थाचं वाक्य. बाबा परत गप्प झालेत. फोटो काढलेले आहेत.

काजवा
घाबरू नका, डेटा जागेवर आहे. बॅटरी काढल्यावर बायोस मूळ सेटिंगवर गेला एवढंच. तुमचं विंडोज बहुतेक आधी ७ असणार आणि त्यावरून १० वर चढवलेलं, म्हणजे जुन्या पद्धतीने, लेगसी मोडमध्ये टाकलेलं. बायोस आता नव्या पद्धतीने, यूईएफआयने शोधतोय म्हणून सापडत नाहीये. चालू करताच डिलीटची कळ दाबत राहा, बूटच्या पानावर जा आणि फोटोत होतं तसं करा. सीएसएम किंवा लेगसी असं काहीतरी असेल ते चालू, आणि हार्ड डिस्क पहिल्या नंबरवर.

तांबडी_माती
सॅटाचं पानही फोटोशी ताडा. तिथे आयडीई आणि एएचसीआय असे, डिस्कशी बोलायच्या पद्धतींचे पर्याय असतात. विंडोज एकात टाकलेलं आणि सेटिंग दुसरं असेल तर निळा पडदा येतो, बूट डिव्हाइसपर्यंत पोचता येत नाही म्हणतो, आणि दुकानदार तिथेही फॉरमॅटच सांगतात. खरं तर आधीचं सेटिंग परत लावलं की झालं.

रानजाई
झालं!!! लेगसी बंद होतं, फोटोप्रमाणे केलं, सॅटाही बदललं होतं तेही परत लावलं. विंडोज उघडलं, तारीख टाकली, एकदा पूर्ण बंद करून भिंतीतलं बटणही बंद केलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी पहिल्या दाबात चालू, तारीख बरोबर. खर्च एसएमपीएसचा आणि चाळीस रुपयांच्या बॅटरीचा. अर्थिंगचा वेगळा, पण तो तर करायलाच हवा होता.

सोल्डरगन, तांबडी_माती, वायरमनदादा, ताई, काजवा, काका, सगळ्यांना बाबांकडून नमस्कार. मला म्हणाले ही माणसं कुठली, त्यांना मोदक पाठवता येतील का.

चष्मेबहाद्दर
पत्ता व्यनि (खाजगी संदेश) करतो. उकडीचे हवेत.

बे_एरिया_बंड्या
अभिनंदन! दुरुस्ती झाली ती योग्यच झाली, पटलं. विंडोज १० चं माझं म्हणणं मात्र कायम आहे. मुदतवाढीची सुरक्षा अपडेटं घेतली तरी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. तेव्हा बँकेचे व्यवहार त्या मशीनवर नकोत, ते मोबाइलवर किंवा तुझ्या लॅपटॉपवर. आणि हार्ड डिस्क एवढी जुनी आहे तर २५० जीबीचा एसएसडी घेऊन त्यावर आहे तशी नक्कल उतरव, मशीन तरुण होईल.

सोल्डरगन
याला माझंही अनुमोदन. जुनी डिस्क पुसू नका, नक्कल झाल्यावर कपाटात जपून ठेवा.

रानजाई
ताई, आता खरं काम. कुलवृत्तांत युनिकोडमध्ये कसा आणू? पानं खूप आहेत, परत टाइप करणं बाबांना झेपणार नाही.

डीटीपी_ताई
परत टाइप अजिबात नाही. आधी वर्डमध्ये फाइल उघडून मजकुरावर क्लिक करा आणि फॉन्टचं नाव नक्की काय लिहिलंय ते पूर्ण कळवा. श्रीलिपीच्या फॉन्टांची मांडणी वेगळी, आयएसएमच्या डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा योगेशची वेगळी, कन्व्हर्टर चुकीचा निवडला तर सगळंच बिघडतं. पूर्ण फाइल एकदम बदलू नका. एक पान घ्या, बदला, आणि बाबांना मूळ छापील पान हातात देऊन ताडून बघायला सांगा. रफार, जोडाक्षरं, ऱ्ह आणि र्‍य असले शब्द, आणि कंसातले आकडे, इथे गडबड होते. कुलवृत्तांतात जन्मसालं भरपूर असणार, म्हणून आकड्यांवर जास्त लक्ष. मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिची प्रत करून प्रतीवर काम. आणि श्रीलिपीचे फॉन्ट त्या मशीनच्या फॉन्ट फोल्डरमधून पेनड्राइव्हवर आजच घेऊन ठेवा.

फॉन्टचं नाव आलं की पुढचं सांगते, आणि ताडायला दोन पानं मला व्यनिने पाठवा, मी स्वतः बघून देईन.

रानजाई
पाठवलं ताई. फॉन्ट फोल्डरही घेतलं.

निळावंती
आमच्या फ्रिजचं अर्थिंग निघालं तुटलेलंच. वायरमन दुपारी येतोय. आणि सोल्डरगन, आमच्या कॉम्प्युटरची जांभळी वायर ५.०४ दाखवतेय, म्हणजे आमचं दुखणं वेगळं, बरोबर ना?

सोल्डरगन
बरोबर, वेगळं. तुम्ही स्वतंत्र धागा काढा, आणि रानजाईंसारखं पहिल्यापासून लिहा: बटण दाबल्यावर आधी काय होतं, मग काय, रीस्टार्टला कसं, मॉनिटरवर काय दिसतं. तिथे भेटू.